निरोप्या बॅरिस्टर : मु. रा. जयकर

[दृश्य : द्वारका चौक, मुंबई-आग्रा रस्ता, सकाळची गर्दी]

नाशिकमधल्या इंजिनीअरिंग कॉलेजात जा आणि सिव्हिलच्या मुलांना विचारा, जयकर कोण? उत्तर येईल : जयकर समिती, १९२७. हायवेच्या पेपरातला ठरलेला प्रश्न. समितीनं पेट्रोलवर जादा कर सुचवला, त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला, १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. एवढं लिहिलं की मार्क पदरात.

हे जयकर इंजिनीअर नव्हते, बॅरिस्टर होते. मुकुंद रामराव जयकर. जन्म नाशिकचा, १३ नोव्हेंबर १८७३. शिक्षण मुंबईत, मग विलायतेत. १९०५ मध्ये बॅरिस्टर झाले आणि मुंबई हायकोर्टात उभे राहू लागले. वकिली उत्तम चालली. पण त्यांच्या वकिलीचा खरा कस लागला तो कोर्टाबाहेर, पंजाबात.

[दृश्य : अमृतसर, अरुंद गल्ली]

१३ एप्रिल १९१९. जालियनवाला बाग. सरकारी आकडा ३७९ मृतांचा, आणि त्यावर तेव्हाही कुणाचा विश्वास नव्हता. सरकारनं चौकशीला हंटर समिती नेमली. काँग्रेसनं स्वतःची वेगळी चौकशी सुरू केली : गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी. मोतीलाल नेहरूही त्यात होते, पण ते अमृतसर अधिवेशनाचे अध्यक्ष झाले आणि त्यांच्या जागी जयकर आले.

काम काय होतं? गावोगाव जाऊन माणसांना बोलतं करायचं. लष्करी कायद्याच्या धाकात राहिलेली माणसं ही. अमृतसरच्या ज्या गल्लीत एका इंग्रज मिशनरी बाईवर हल्ला झाला होता, त्या गल्लीतून हिंदी माणसानं पोटावर सरपटतच जायचं, असा जनरल डायरचा हुकूम होता. ज्यांची घरंच त्या गल्लीत, त्यांनी करायचं काय? गुजराणवाल्यात विमानातून बॉम्ब टाकले गेले होते. हे सगळं सांगणारे सतराशेहून जास्त साक्षीदार तपासले गेले आणि त्यांतल्या साधारण साडेसहाशे जबान्या अहवालाबरोबर छापल्या. बाकीच्या का नाहीत? काही त्याच त्या गोष्टी सांगणाऱ्या, काहींची खातरजमा झाली नव्हती. राग कितीही असो, पुराव्यात बसतं तेवढंच लिहायचं, ही वकिली शिस्त. मार्च १९२० मध्ये हा अहवाल बाहेर आला.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. तिकडे हंटर समितीत मुंबईचेच दुसरे वकील बसले होते, चिमणलाल सेटलवाड. अरुंद वाटेतून चिलखती गाड्या आत गेल्या असत्या तर मशीनगन चालवली असती का, हे डायरकडून त्यांनी वदवून घेतलं. डायर म्हणाला, बहुधा हो. हे सेटलवाड मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. जयकरही पुढे कुलगुरूच व्हायचे होते.

[दृश्य : येरवडा तुरुंगाचं प्रवेशद्वार]

१९३०. मिठाचा सत्याग्रह पेटलेला. गांधीजी येरवड्यात, मोतीलाल आणि जवाहरलाल अलाहाबादजवळ नैनीच्या तुरुंगात, व्हाइसरॉय आयर्विन सिमल्यात. यांच्यात बोलणार कोण? अलाहाबादचे नेमस्त वकील तेजबहादूर सप्रू आणि जयकर पुढे झाले. जुलैमध्ये येरवड्यात गांधीजींना भेटले, त्यांची चिठ्ठी घेऊन नैनी गाठली. तिथे नेहरू म्हणाले, गांधीजींशी समोरासमोर बोलल्याशिवाय काही नाही. मग सरकारनं पितापुत्रांना खास गाडीनं येरवड्याला आणलं. ऑगस्टच्या मध्यात तुरुंगातच बैठक झाली. आणि फिसकटली.

अशा कामाचं कौतुक कुणी करत नाही. सत्याग्रही म्हणतात हा सरकारचा माणूस, सरकार म्हणतं हा गांधींचा. पण पहिली गोलमेज परिषद उरकून हेच दोघे परत आले, पुन्हा खेटे घालायला लागले आणि ५ मार्च १९३१ ला गांधी-आयर्विन करार झाला.

म्हणून जयकर नेहमीच समेटाचे होते असं नाही. डिसेंबर १९२८, कलकत्ता, सर्वपक्षीय परिषद. जिनांनी केंद्रीय विधिमंडळात मुसलमानांना एक तृतीयांश जागा मागितल्या. सप्रू म्हणाले, देऊन टाका. जयकर कडाडून विरोधात उभे राहिले आणि मागणी फेटाळली गेली. कायदेशीर मुद्दा त्यांच्या बाजूनं असेलही. राजकारणात मात्र तो दिवस महागात पडला, असं आमचं मत आहे.

[दृश्य : काळाराम मंदिर, पूर्व दरवाजा]

२ मार्च १९३० ला याच दरवाज्यासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. तो १९३५ पर्यंत चालला, देवाचं दार काही उघडलं नाही. मधेच, सप्टेंबर १९३२ मध्ये पुणे करार झाला. त्यावर आंबेडकरांची सही आहे, आणि जयकरांचीही.

१९३७ मध्ये दिल्लीत फेडरल कोर्ट, म्हणजे आजच्या सुप्रीम कोर्टाचं पूर्वरूप, स्थापन झालं. पहिले न्यायाधीश तीन : सर मॉरिस ग्वायर, सर शाह मुहम्मद सुलेमान आणि जयकर. त्यांच्यापुढे आलेल्या पहिल्याच मोठ्या प्रश्नांतला एक कोणता, तर मध्य प्रांताला पेट्रोल विक्रीवर कर लावता येतो का! पेट्रोल काही जयकरांची पाठ सोडेना. कोर्टानं कौल प्रांताच्या बाजूनं दिला. तिथून १९३९ मध्ये ते लंडनला, प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीवर, म्हणजे हिंदुस्थानातल्या खटल्यांच्या शेवटच्या अपील कोर्टावर, गेले. १९४२ पर्यंत तिथे होते.

[दृश्य : संविधान सभा, जुनं छायाचित्र]

डिसेंबर १९४६. मुस्लिम लीगनं संविधान सभेवर बहिष्कार टाकलेला. नेहरूंनी उद्दिष्टांचा, म्हणजे संविधानाची ध्येयं सांगणारा, ठराव मांडला. जयकरांनी १६ तारखेला दुरुस्ती आणली : लीग आणि संस्थानं येईपर्यंत थांबा. सभागृहात गदारोळ झाला. या वेळी थांबा म्हणणारे तेच, १९२८ मध्ये नाही म्हणणारे. ठराव २२ जानेवारी १९४७ ला मंजूर झाला. लीग तोवर आलीच नाही.

लवकरच जयकरांनी सभेचा राजीनामा दिला. फाळणीत आंबेडकरांची बंगालमधली जागा गेली होती. ३० जून १९४७ ला राजेंद्रप्रसादांनी मुंबई प्रांताचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) बाळासाहेब खेर यांना पत्र लिहिलं : जयकरांची जागा रिकामी आहे, आंबेडकरांना निवडून पाठवा. आंबेडकर त्या जागेवरून आले आणि मसुदा समितीचे अध्यक्ष झाले.

[दृश्य : गणेशखिंड, विद्यापीठाची मुख्य इमारत]

याच खेरांच्या कारकिर्दीत, फेब्रुवारी १९४८ मध्ये, पुणे विद्यापीठाचा कायदा झाला. पहिले कुलगुरू जयकर, वय चौऱ्याहत्तर. हाताशी काय? तर बारा जिल्ह्यांची जबाबदारी आणि बसायला भांडारकर संस्थेच्या आवारातलं निजाम गेस्ट हाऊस. गव्हर्नरांचा पावसाळी बंगला आणि गणेशखिंडीची चारशेहून जास्त एकर जमीन विद्यापीठाला नंतर मिळाली. १९५६ पर्यंत आठ वर्षं त्यांनी हा गाडा ओढला. १० मार्च १९५९ ला ते गेले. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे. मुलं नुसतं 'जयकर' म्हणतात.

त्या बारा जिल्ह्यांतले जिल्हे पुढे कमी होत गेले. कोल्हापूरला विद्यापीठ झालं तसे दक्षिणेकडचे गेले, १९९० मध्ये धुळे-जळगाव गेले. नाशिकमध्ये स्वतःची दोन विद्यापीठं आली, मुक्त आणि आरोग्य विज्ञान. तरी नाशिकची कला, वाणिज्य आणि कायद्याची कॉलेजं आजही पुण्याशीच जोडलेली आहेत.