चूल एक, दारं अनेक

मंडळी, एकदाच बसवलेल्या सॉफ्टवेअरवर, म्हणजे एका इन्स्टॉलेशनवर, अनेक डोमेनच्या साइट कशा चालवायच्या हा आजचा विषय. सुरुवात दारापासून करतो. तुम्ही ब्राउझरमध्ये पत्ता टाकता तेव्हा डीएनएस, म्हणजे इंटरनेटची पत्त्यांची वही, फक्त घर दाखवतं, म्हणजे सर्व्हरचा आयपी, त्याचा आकड्यांतला पत्ता. त्या एका आयपीवर चाळीस डोमेन नांदत असतील, तर आलेला पाहुणा कोणाकडे आलाय हे सर्व्हरला कळणार कसं? पाहुणा दारातच नाव घेतो. ब्राउझर जी विनंती पाठवतो तिच्यात 'होस्ट' नावाची एक ओळ असते आणि तिथे डोमेन लिहिलेलं असतं. एचटीटीपी म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याचे नियम, त्यांच्या १.० आवृत्तीत ही ओळ सक्तीची नव्हती. जानेवारी १९९७ मध्ये १.१ चं प्रमाण प्रसिद्ध झालं आणि ती सक्तीची झाली. आजचा आपला अख्खा विषय त्या ओळीवर उभा आहे.

आता घरात जाऊ. इथे बहुतेकजण वर्डप्रेसवाले आहात, म्हणून साइट चालवणाऱ्या त्या सॉफ्टवेअरचंच उदाहरण घेतो. पूर्वी एकाच इन्स्टॉलेशनवर अनेक साइट चालवायला वर्डप्रेस एमयू नावाचा वेगळा अवतार होता. जून २०१० मध्ये ३.० आवृत्तीत तो मूळ वर्डप्रेसमध्ये मिसळला, त्याला आपण मल्टिसाइट म्हणतो, आणि त्यातल्या साइटच्या समूहाला नेटवर्क. तेव्हाही स्वतंत्र डोमेन जोडायचं तर वेगळं प्लगइन (वरून जोडायचा कोड) आणि 'सनराइज' नावाची फाइल लागायची. २०१६ च्या ४.५ आवृत्तीपासून ती कटकट गेली. नेटवर्क अ‍ॅडमिनमध्ये साइट उघडा, पत्ता बदला, सेव्ह करा, झालं. त्यानंतर लॉगिन करताना 'कुकी बंद आहेत' असं वर्डप्रेस सांगायला लागलं तर घाबरू नका. कुकीचं, म्हणजे ब्राउझर जपून ठेवतो त्या ओळखचिठ्ठीचं, डोमेन मुख्य साइटचंच धरलेलं असतं, कॉन्फिग फाइलमध्ये तेवढं सुधारायचं.

आत मात्र एकत्र कुटुंब आहे. कोड एक, प्लगइनांचं फोल्डर एक, डेटाबेस एक. तिसऱ्या साइटचे लेख 'डब्ल्यूपी-३' अशा आडनावाच्या टेबलांत, चौथीचे 'डब्ल्यूपी-४' च्या टेबलांत. फोटोही ज्याच्या त्याच्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये. पण वापरकर्त्यांचं टेबल सगळ्यांचं मिळून एकच. फडताळं वेगळी, चूल एक.

चूल एक असण्याचा फायदा सांगायला नको. अपडेट एकदा केलं की सगळीकडे झालं. या लोभापायीच मी एका नेटवर्कमध्ये नऊ साइट घेतल्या. दोन वाचनालयं, एक नाट्यसंस्था, एक शाळेचा माजी विद्यार्थी संघ, आणि बाकीच्या 'तुमच्याकडे जागा आहे ना, आमचीही टाका' म्हणत आलेल्या. एके दिवशी नाट्यसंस्थेतून फोन आला, प्रयोगांचं पान चुकून उडालं, कालचा बॅकअप टाका. मी तत्परतेने टाकला. अख्ख्या डेटाबेसचा! पान परत आलं, आणि बाकीच्या आठ साइटवर त्या दिवशी जे जे लिहिलं गेलं होतं ते गेलं. एका वाचनालयाने त्याच सकाळी दिवाळी अंकांची यादी टाकली होती, जवळजवळ दीडशे नावं, एका काकूंनी हाताने टाइप केलेली. त्यांनी मला एक शब्दही सुनावला नाही. सुनावलं असतं तर बरं वाटलं असतं.

दोष वर्डप्रेसचा नव्हता, मी कोणाला एकत्र बसवलं त्याचा होता. तेव्हापासून डोमेन किती आहेत हे मी विचारत नाही, मालक किती आहेत हे विचारतो. एका संस्थेची मराठी साइट, इंग्रजी साइट, वार्षिक महोत्सवाची साइट असेल तर खुशाल एका इन्स्टॉलेशनवर ठेवा. मालक वेगळे असतील तर चूल वेगळी, भले मग अपडेटची मेहनत नऊ वेळा पडो. वर्डप्रेससारखंच दुसरं सॉफ्टवेअर आहे ड्रुपल, त्यात मधला मार्ग आहे. तिथे कोड सामाईक ठेवून प्रत्येक साइटला स्वतःचा डेटाबेस देता येतो, म्हणजे भांडी एक पण डबे वेगळे. मला तो जास्त समंजस वाटतो.

अधिकारांचंही तसंच. मल्टिसाइटमध्ये साइटचा अ‍ॅडमिन प्लगइन टाकू शकत नाही, ते काम अख्ख्या नेटवर्कच्या कारभाऱ्याचं, म्हणजे सुपर अ‍ॅडमिनचं. इतकंच काय, त्याने गुगल मॅपचा कोड लेखात चिकटवला तर सेव्ह करताच नकाशा गायब होतो, कारण कच्चं एचटीएमएल टाकायची मुभाही सुपर अ‍ॅडमिनलाच. हे योग्यच आहे, एकाच्या खोडसाळ कोडने सगळं घर जळू नये. पण 'स्वतःची साइट' म्हणून आलेल्या माणसाला हे सासुरवास वाटतं.

सर्टिफिकेटची, म्हणजे साइटच्या https कुलपाची, गोष्ट थोडक्यात. लेट्स एन्क्रिप्ट ही फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था एका सर्टिफिकेटवर १०० पर्यंत नावं घेतं, त्यामुळे सगळी डोमेन एकातच कोंबायचा मोह होतो. मग कोणीतरी आपलं डोमेन नूतनीकरण करायला विसरतो, त्या एका नावाची पडताळणी अडते आणि सगळ्यांचंच सर्टिफिकेट अडकतं. प्रत्येक डोमेनला वेगळं घ्या, फुकटच आहे. आणि क्रम पाळा: आधी डीएनएस, मग सर्टिफिकेट, मग वर्डप्रेसमधला पत्ता. देवनागरी डोमेन असेल, .भारत वगैरे, तर ब्राउझर होस्टच्या ओळीत देवनागरी पाठवत नाही, 'एक्सएन' ने सुरू होणारं रूप पाठवतो. वर्डप्रेसमध्ये तेच रूप टाका.

खरी परीक्षा वाटणीच्या वेळी. एखादी साइट बाहेर काढायची म्हणजे तिची टेबलं नवीन नावाने न्यायची, सामाईक टेबलातून तिचेच वापरकर्ते निवडायचे, फोटोंचे पत्ते बदलायचे. ते पत्ते साध्या 'शोधा आणि बदला'ने बदलू नका. वर्डप्रेस काही सेटिंग मजकुराच्या लांबीसकट साठवतं. पत्ता लहान-मोठा झाला की आकडा जुळत नाही आणि विजेट, म्हणजे पानाच्या कडेचे छोटे चौकोन, नाहीसे होतात. ही लांबी बाइटमध्ये मोजतात, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, त्यामुळे हाताने आकडा दुरुस्त करायला जाल तर बसाल मोजत. डब्ल्यूपी-सीएलआय, म्हणजे वर्डप्रेसला लेखी आज्ञा देऊन चालवायचं साधन, त्यात यासाठी आज्ञा आहे, ती लांबीही सांभाळते.

आता कोणी नवीन साइट घेऊन आलं की पहिल्याच आठवड्यात मी ती नेटवर्कमधून काढून दुसऱ्या रिकाम्या सर्व्हरवर उभी करून बघतो. उभी राहिली तर परत आत घेतो, आणि ती पावलं एका कागदावर लिहून मालकाच्या हाती देतो. मागच्या खेपेला या सगळ्याला सव्वा तास लागला. बरं, तुमचे प्रश्न घेऊ या.