माशाला मासाच कशाला?

(दृश्य: ससून डॉक, पहाट. बोटींवरून उतरणाऱ्या टोपल्या.)

ससून डॉक. 1875 साली बांधलेली गोदी. मुंबईची मासळी इथे उतरते. पापलेट, सुरमई, कोळंबीचे भाव पुकारले जातायत. पण बाजूच्या त्या ढिगाकडे बघा. बोटाएवढी पिल्लं, बारीक मासळी, चेंगरलेली. अशी मासळी ताटात येत नाही. ती वाळवून, दळून तिची भुकटी होते. एक किलो भुकटीमागे चार-पाच किलो ओली मासळी लागते. आणि ही भुकटी खातं कोण? बरीचशी तळ्यातले मासे आणि कोळंबीच!

मोठी होऊन जाळ्यात आली असती ती पिल्लं अशी दळली जावीत, हे बघवत नाही.

(दृश्य: वर्सोवा, केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था.)

1961 साली सुरू झालेल्या या संस्थेत माशांच्या आहाराचाही अभ्यास होतो. या शास्त्राचं मूळ सूत्र असं: माशाला खरी गरज असते ती अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिन ज्या घटकांचं बनतं त्यांची. त्यातली 10 त्याला खाद्यातूनच मिळावी लागतात. भुकटीत ती चांगल्या मापात असतात. भुकटीऐवजी पेंड घालावी, तर सोयाबीनच्या पेंडीत मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी पडतं, शेंगदाणा पेंडीत लायसिन हे दुसरंही. एक कमी पडलं की वाढ तिथेच अडते. उरलेली आम्लं साठवून ठेवता येत नाहीत; शरीर ती जाळून टाकतं आणि त्यातला नायट्रोजन अमोनिया होऊन कल्ल्यांवाटे पाण्यात जातो. महागडं प्रथिन घालून तळंच नासवायचं!

यावरचा तोडगा आपल्या वरण-भातात दिसतो. भातात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन. दोघं एकमेकांची उणीव भरून काढतात.

(दृश्य: तळहातावर पूड, जवळून.)

ही मेथिओनिनची पूड. पिशवी उघडली की गंधकाचा वास येतो. लायसिन मात्र जिवाणूंकडून, साखर आंबवून करून घेतात. टनभर खाद्यात काही किलो मिसळलं, की प्रथिन दोन-तीन टक्क्यांनी उतरवूनही वाढ टिकवता येते.

पण इथे एक मेख आहे. रोहू-कटल्याला जठरच नसतं. सुटी अमिनो आम्लं आतड्यातून झटकन रक्तात जातात, पेंडीतलं प्रथिन मात्र सावकाश पचतं. दोघांची गाठच पडली नाही, तर आधी आलेली आम्लं जळून जातात. शिवाय खाद्याची गोळी पाण्यात राहिली, तर ही आम्लं विरघळूनही जातात. म्हणून आम्लांवर लेप चढवतात, आणि दिवसाचं खाद्य एकदम न टाकता थोडं थोडं, तीन-चार वेळा देतात.

(दृश्य: रायगडमधलं तळं. काठावर खाद्याची पोती.)

मत्स्यपालनात निम्म्याहून जास्त खर्च खाद्यावरच होतो. पोत्यावर प्रथिनाचा टक्का ठळक छापलेला असतो आणि घेणारा तेवढाच वाचतो. लायसिन किती, मेथिओनिन किती, आणि यात मासळीची भुकटी किती, हेही दुकानदाराला विचारा. त्याला सांगता आलं नाही, तर कंपनीच्या माणसाला गाठा.