सदस्य होण्याआधीचा पैसा

(दृश्य: डॅन्यूब नदीवरील पूल, मालगाडी आणि ट्रक सोबत जाताना.)

बल्गेरियातील विदिन आणि रुमानियातील कालाफात ही शहरे डॅन्यूब नदीच्या समोरासमोरच्या काठांवर वसलेली आहेत. त्यांना जोडणारा रस्ता आणि रेल्वेचा हा पूल १४ जून २०१३ रोजी खुला झाला. त्याच्या खर्चातला एक मोठा वाटा युरोपीय संघाने ‘इस्पा’ नावाच्या निधीतून दिला, आणि हा निधी संघाच्या सदस्य देशांसाठी नव्हताच. जे देश सदस्य होण्याच्या वाटेवर होते, पण अजून उंबरठ्याबाहेर होते, त्यांचे रस्ते, रेल्वे, सांडपाणी आणि पिण्याचे पाणी सुधारावे म्हणून तो राखून ठेवलेला होता. पूल बांधून होईपर्यंत दोन्ही देशांना सदस्य होऊन सहा वर्षे उलटली होती. पैसा मात्र त्यांच्या उमेदवारीच्या काळात मंजूर झालेला होता.

जो अजून आपला झालेला नाही, त्याच्यावर आधीच खर्च कशासाठी करायचा, हा प्रश्न साहजिक आहे. मराठवाड्यातील प्रेक्षकांना तो अधिक जवळून कळेल, कारण मोठ्या व्यवस्थेत सामील होताना आधी काय ठरते आणि नंतर काय उरते, याचा अनुभव या प्रदेशाने दोनदा घेतला आहे. त्याकडे आपण येणारच आहोत; आधी युरोपची व्यवस्था समजून घेऊ.

जून १९९३ मध्ये कोपनहेगन येथे युरोपीय नेत्यांनी नव्या सदस्यांसाठी अटी ठरवल्या. लोकशाही संस्था स्थिर असाव्यात, कायद्याचे राज्य असावे, मानवी हक्कांचे आणि अल्पसंख्याकांचे रक्षण व्हावे. अर्थव्यवस्था बाजाराच्या नियमांवर चालणारी आणि संघातील स्पर्धा सोसू शकणारी असावी. आणि सदस्यत्वाची कर्तव्ये, म्हणजे संघाचे सगळे नियम, अमलात आणण्याची क्षमता असावी. यातली शेवटची अट सर्वांत खर्चिक आहे, कारण नियम कागदावर मान्य करायला पैसे लागत नाहीत. कत्तलखान्याची फरशी बदलायला, प्रयोगशाळा उभारायला, सीमेवरच्या जकात अधिकाऱ्याला प्रशिक्षण द्यायला आणि शहराचे सांडपाणी शुद्ध करायला लागतात.

दुधाचे उदाहरण घ्या. संघाच्या नियमांनुसार गाईच्या कच्च्या दुधात दर मिलीलिटरला १ लाखाहून अधिक जिवाणू असू नयेत. हा आकडा गाठायचा तर गोठ्यातली स्वच्छता, धार काढल्याबरोबर दूध थंड करण्याची सोय, टँकर, तपासणी आणि नोंदवही अशी सगळी साखळी बदलावी लागते. दोन-तीन गाई असलेल्या शेतकऱ्याला ते एकट्याने झेपणारे नाही. संघात गेल्यावर मोठी बाजारपेठ खुली होते, हे खरे. पण त्याच दिवशी तिथला माल आणि तिथले नियम दोन्ही दारात येऊन उभे राहतात, आणि तयारी नसलेला उत्पादक पहिल्याच वर्षी बाजाराबाहेर फेकला जातो. हे होऊ नये म्हणूनच आधीचा पैसा.

(दृश्य: युरोपचा नकाशा, एकेक देश रंगत जातो.)

या मदतीची सुरुवात १९८९ मध्ये पोलंड आणि हंगेरी या दोन देशांपासून झाली आणि हळूहळू ती मध्य व पूर्व युरोपातल्या दहा देशांपर्यंत पोहोचली. २००० ते २००६ या काळासाठी तिची तीन भागांत आखणी झाली: शासनसंस्था आणि कायद्यांच्या उभारणीसाठी वर्षाला सुमारे १५६ कोटी युरो, वाहतूक आणि पर्यावरणासाठी ‘इस्पा’मधून सुमारे १०४ कोटी, आणि शेती व ग्रामविकासासाठी ‘सापार्ड’मधून सुमारे ५२ कोटी. १ मे २००४ रोजी एकूण दहा देश, १ जानेवारी २००७ रोजी बल्गेरिया आणि रुमानिया, तर १ जुलै २०१३ रोजी क्रोएशिया संघात आले. २००७ पासून सर्व धारा एकाच ‘आयपीए’ या निधीत आणल्या गेल्या. त्याचा तिसरा टप्पा २०२१ ते २०२७ असा असून त्याची तरतूद सुमारे १४१६ कोटी युरो आहे. सर्बिया, मॉन्टेनेग्रो, अल्बानिया, उत्तर मॅसिडोनिया, बोस्निया-हर्झेगोव्हिना, कोसोव्हो आणि तुर्कस्तान हे त्याचे लाभार्थी होत.

(दृश्य: मराठवाड्याचा जुना नकाशा, निजामाच्या काळातील नाणी.)

आता मराठवाड्याकडे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात आले, तेव्हा औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांत लोक ज्या चलनात व्यवहार करत होते, ते भारतीय रुपयाहून वेगळे होते. हाली शिक्क्याचे ७ रुपये म्हणजे भारताचे ६ रुपये असा साधारण हिशेब होता. संस्थानाच्या सीमेवर मालावर करोडगिरी, म्हणजे सीमाशुल्क, वसूल होत असे. हाली शिक्का एका रात्रीत रद्द केला गेला नाही. तो काही वर्षे भारतीय रुपयाच्या सोबतीने चालू राहिला. सीमाशुल्कही टप्प्याटप्प्यानेच संपले, आणि संस्थानांच्या वित्तीय एकीकरणामुळे महसुलात पडणारी तूट केंद्राने काही काळ भरून द्यावी, अशी सोय झाली. म्हणजे नव्या व्यवस्थेत येणाऱ्याला उसंत आणि आधार देण्याची कल्पना आपल्याकडे तेव्हाही होती. आज युरोपात जकात संघ आणि समान चलन हे शब्द ऐकताना, आपल्या आजोबा-पणजोबांनी हा बदल स्वतःच्या खिशात अनुभवला होता, हे आठवावे असे मला वाटते.

दुसरे सामीलीकरण याहून वेगळे होते. मराठी भाषिक विभागांच्या नेत्यांनी केलेल्या २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात असे लिहिले गेले की खर्चाची वाटणी विभागांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात होईल, परंतु मराठवाड्याची अविकसित स्थिती पाहता त्याच्या सर्वांगीण विकासाकडे विशेष लक्ष दिले जाईल आणि त्याबाबतचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे मांडला जाईल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाला. त्याच १९५६ साली घटनेच्या ३७१व्या कलमात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळांची तरतूद झाली. वचन होते, घटनेचा आधारही होता. मात्र अंतर किती आहे आणि ते कोणत्या वर्षापर्यंत किती भरायचे, याचे मोजमाप सामील होताना झाले नव्हते.

ते झाले १९८३-८४ मध्ये. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपासून किती मागे आहे, हे काढले. राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३१८७ कोटी रुपयांचा निघाला आणि त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५१ कोटींचा होता. ‘अनुशेष’ हा शब्द तेव्हापासून इथल्या प्रत्येक सभेत आणि प्रत्येक अग्रलेखात आहे. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने त्याआधी कित्येक वर्षे रेल्वेच्या रुंदीकरणासाठी आणि विकासाच्या न्याय्य वाट्यासाठी लढा दिला होता. वैधानिक विकास मंडळ प्रत्यक्षात आले ते १९९४ मध्ये, घटनेत तरतूद झाल्यानंतर ३८ वर्षांनी. आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्याची मुदत संपली.

दोन्ही गोष्टींची तुलना तंतोतंत जुळणारी नाही, हे इथे स्पष्ट करायला हवे. अल्बानिया किंवा सर्बिया सार्वभौम देश आहेत आणि संघात जायचे की नाही, हे ते स्वतः ठरवतात. मराठवाडा आपल्या भाषेच्या राज्यात आला, आणि इथल्या नेतृत्वाने त्यासाठी सौदा केला नाही, याचा अभिमान इथे आजही सांगितला जातो. तो योग्यच आहे. मला तुलना करायची आहे ती फक्त क्रमाची: अंतर आधी मोजायचे की नंतर, आणि पैसा कोणत्या पुराव्यावर सोडायचा.

(दृश्य: उत्तर मॅसिडोनियातील द्राक्षमळे, ग्रामीण भागातील दूध संकलन.)

पुराव्याचा हा भाग शेतीच्या निधीत सर्वांत स्पष्ट दिसतो. ‘सापार्ड’ आणि त्याच्या जागी आलेला ‘इपार्ड’ यांत पैसा वाटण्याचे काम त्या देशाच्याच संस्थेकडे असते. पण त्या संस्थेची हिशेबपद्धती, तपासणी आणि कामाची विभागणी युरोपीय आयोगाने तपासून मान्य केल्याशिवाय एक युरोही सुटत नाही. त्यानंतर शेतकरी किंवा प्रक्रिया उद्योजक प्रस्ताव देतो, तो मंजूर होतो, गुंतवणूक त्याने स्वतः करायची, तपासणी होते आणि मग खर्चाचा ठरावीक हिस्सा परत मिळतो. आपल्याकडे ठिबक सिंचनाच्या अनुदानासाठी ज्याने अर्ज केला आहे, त्याला हे ओळखीचे वाटेल: आधी पूर्वसंमती, मग पदरच्या पैशाने संच, मग मोका तपासणी, आणि शेवटी खात्यावर अनुदान.

यातली अडचणही तीच आहे. ज्याच्याकडे आधी घालायला पैसा नाही आणि ज्याला बँक कर्ज देत नाही, तो या योजनेच्या दारातच थांबतो. ‘सापार्ड’ची तरतूद २००० सालापासून होती, पण पोलंडच्या संस्थेला मान्यता मिळाली ती जुलै २००२ मध्ये, म्हणजे सदस्यत्वाच्या दोन वर्षेही आधी नाही. उत्तर मॅसिडोनियात ‘इपार्ड’च्या पहिल्या टप्प्यात मोठी रक्कम वापरलीच गेली नाही आणि ती परत गेली. ज्यांना मदतीची सर्वाधिक गरज, त्यांनाच कागदपत्रे आणि स्वतःचा हिस्सा उभा करणे सर्वांत कठीण जाते. हा दोष युरोपनेही पुरता दूर केलेला नाही.

तरीही या संथपणातून एक गोष्ट साधते. हिशेब ठेवणारी, तपासणी करणारी, चूक सापडल्यावर वसुली करणारी यंत्रणा त्या देशात तयार होते, आणि सदस्य झाल्यावर त्याहून मोठा निधी हाताळायचा असतो तेव्हा तीच कामी येते. १९९८ पासून सदस्य देशांतील अनुभवी अधिकारी उमेदवार देशांच्या मंत्रालयांत महिनोन्‌महिने सोबत बसून काम शिकवतात. माझ्या मते साऱ्या व्यवस्थेतला हा सर्वांत मोलाचा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा भाग आहे.

यंत्रणा कच्ची राहिली तर काय होते, हे बल्गेरियाने दाखवून दिले. सदस्य झाल्यानंतर दीड वर्षाने, जुलै २००८ मध्ये, आयोगाने तिथल्या दोन शासकीय संस्थांची मान्यता काढून घेतली, कारण सदस्यत्वाआधीच्या निधीच्या वापरात निविदांतील गैरप्रकार आणि हितसंबंधांचा संघर्ष आढळला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुमारे २२ कोटी युरो त्या देशाने कायमचे गमावले. ही शिक्षा कठोर होती, आणि त्याची झळ ज्यांनी गैरव्यवहार केला त्यांच्यापेक्षा ज्यांना रस्ता हवा होता त्यांना अधिक बसली.

(दृश्य: स्कोप्ये, बेलग्रेड, अंकारा येथील शासकीय इमारती.)

दुसरी मर्यादा याहून खोल आहे. पैशामागचे खरे बळ सदस्यत्वाच्या आशेत असते. ती आशा विरली की अटींचा जोरही ओसरतो. उत्तर मॅसिडोनियाला २००५ मध्ये उमेदवाराचा दर्जा मिळाला. ग्रीसच्या आक्षेपामुळे त्या देशाने २०१९ मध्ये स्वतःचे नावसुद्धा बदलले, आणि तरीही वाटाघाटींची औपचारिक सुरुवात जुलै २०२२ मध्येच झाली. तुर्कस्तानशी वाटाघाटी ऑक्टोबर २००५ मध्ये सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये त्या पूर्ण थांबल्याचे संघाच्या नेत्यांनी मान्य केले. या निधीचा सर्वांत मोठा लाभार्थी अनेक वर्षे तोच देश होता. संघाच्याच लेखापरीक्षण संस्थेने २०२२ मध्ये नोंदवले की पश्चिम बाल्कन देशांत कायद्याच्या राज्यासाठी २०१४ ते २०२० या काळात सुमारे ७० कोटी युरो खर्च होऊनही मूलभूत प्रश्न कायम आहेत. न्यायालयाची इमारत आणि संगणक देता येतात, पण राजकीय दबाव झुगारण्याची न्यायाधीशाची हिंमत निविदा काढून मिळत नाही.

या अनुभवातून २०२४ पासून पश्चिम बाल्कनमधील सहा देशांसाठी नवी योजना सुरू झाली आहे. तिची रक्कम २०२७ पर्यंत ६०० कोटी युरो असून त्यातील २०० कोटी अनुदान आणि ४०० कोटी सवलतीचे कर्ज आहे. प्रत्येक देशाने सुधारणांचा आपला आराखडा द्यायचा, त्यातल्या प्रत्येक पायरीला रक्कम जोडायची, आणि दर सहा महिन्यांनी पूर्तता तपासून तेवढाच हप्ता सोडायचा. मुदतीत पायरी गाठली नाही तर ती रक्कम जाते आणि दुसऱ्या देशाला मिळू शकते. बोस्निया-हर्झेगोव्हिनाला आराखडा देण्यास उशीर झाला, तेव्हा त्याच्या वाट्यातून कपातही झाली. युक्रेनसाठी याच धर्तीवर, पण युद्धाच्या गरजेमुळे कितीतरी मोठी, २०२४ ते २०२७ या काळात ५००० कोटी युरोपर्यंतची वेगळी व्यवस्था आहे.

या आराखड्यांतील पायऱ्या जाहीर केलेल्या आहेत. अल्बानियातील पत्रकार किंवा मॉन्टेनेग्रोतील शिक्षक आपल्या सरकारला विचारू शकतो की या सहामाहीत कोणती पायरी चुकली आणि तिच्यामुळे किती युरो आले नाहीत. नागपूर करारातील वार्षिक अहवालाच्या कलमामागे हीच अपेक्षा होती; त्या कलमाला रक्कम आणि तारीख जोडलेली नव्हती, एवढाच फरक, आणि मराठवाड्याच्या दृष्टीने तो फार मोठा ठरला.

मॉन्टेनेग्रोने वाटाघाटींची सर्व ३३ प्रकरणे, म्हणजे संघाच्या नियमांचे विषयवार भाग, २०२० पर्यंत उघडली होती आणि २०२८ पर्यंत सदस्य होण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. एकेक प्रकरण बंद होत असताना माझ्या मते आता पाहायचे ते हे, की आधीच्या पैशातून उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळा, तपासणी यंत्रणा आणि हिशेबाच्या संस्था बाहेरचा आधार काढल्यावरही स्वतःच्या अंदाजपत्रकातून चालू राहतात की नाही.