दुसऱ्या दिवशीचा थकवा

नमस्कार, श्रोतेहो.

दमण्यासाठी मराठीत शब्द भरपूर आहेत. शीण, थकवा, गळाठा, ग्लानी, अंग मोडून येणं. शेतातून आलेल्या माणसाला शीण येतो आणि रात्री गाढ झोप लागली की तो उतरतो. आज ज्या आजाराबद्दल बोलायचं आहे, त्यात झोपेने काहीच उतरत नाही. त्याचं नाव क्रॉनिक फटीग सिंड्रोम. डॉक्टर मंडळी एमई-सीएफएस म्हणतात. मला स्वतःला हे ‘फटीग’ नाव पटत नाही. थकवा म्हटलं की समोरचा म्हणतो, अहो, आम्हीपण थकतो की! तिथेच रुग्णाचं बोलणं खुंटतं.

या आजाराची खूण एकच लक्षात ठेवा. काम आज, कोसळणं उद्या किंवा परवा. ही खूण कुणी टिपली, ती गोष्ट आधी सांगते.

लंडनमध्ये ग्रेज इन रोडवर तेव्हा रॉयल फ्री हॉस्पिटल होतं. वैद्यकीय विद्यार्थिनींना वॉर्डात प्रवेश देणारं लंडनमधलं पहिलं रुग्णालय ते हेच. नकोसा बालविवाह नाकारून कोर्टात उभ्या राहिलेल्या आपल्या मुंबईच्या डॉ. रखमाबाई पुढे लंडनला शिकायला गेल्या, तेव्हा रुग्णांजवळचं शिक्षण त्यांनी याच रुग्णालयात घेतलं.

तर 1955 साल. 13 जुलै. रुग्णालयातला एक निवासी डॉक्टर आणि एक वॉर्ड सिस्टर एकाच दिवशी आजारी पडून दाखल झाले. घसा दुखतोय, डोकं दुखतंय, मानेच्या गाठी सुजल्यात, चक्कर येते, हातपाय ठणकतात आणि त्यांतली ताकद जाते. पाठोपाठ आणखी नर्स, आणखी डॉक्टर. 25 जुलैपर्यंत आकडा सत्तरच्या पुढे गेला आणि ते मोठं शिकवणारं रुग्णालय चक्क बंद करावं लागलं. दारं उघडली ती 5 ऑक्टोबरला. 24 नोव्हेंबरपर्यंत 292 कर्मचारी आजारी पडले होते. त्यांतल्या 255 जणांना दाखल करावं लागलं. आता पुढचा आकडा नीट ऐका. आधीपासून खाटेवर असलेल्या रुग्णांपैकी आजारी पडले फक्त 12. खाटेवरचे 12, आणि वॉर्डातून, जिन्यावरून, स्वयंपाकघरातून दिवसभर पळणारे 292!

संसर्गजन्य रोगांचे तज्ज्ञ मेल्विन रॅमसे तिथे होते. बहुतेक लोक घरी गेले, कामाला लागले. जे बरे झाले नाहीत, त्यांना रॅमसे वर्षानुवर्षं पाहत राहिले. ही चिकाटी मला फार मोलाची वाटते. बरा न होणारा रुग्ण पाहत राहायलाही मन लागतं. आणि त्यांना दिसलं ते असं. या माणसांचे स्नायू थोड्याशाही श्रमाने थकतात, आणि ताकद परत यायला तीन, चार, कधी पाच दिवस लागतात, कधी त्याहूनही जास्त. तासाभराची विश्रांती पुरत नाही. काम आज, कोसळणं उद्या, परवा.

1956 मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकाने या आजाराला नाव सुचवलं, बिनाइन मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस. म्हणजे स्नायूदुखीसह मेंदू आणि मज्जारज्जूचा दाह, पण जीवघेणा नसलेला. ‘बिनाइन’ वगळलं की एमई-सीएफएसमधलं एमई ते हेच. मग आलं 1970. दोन मानसोपचारतज्ज्ञांनी रॉयल फ्रीचे पंधरा वर्षांपूर्वीचे केसपेपर काढून वाचले. एकाही रुग्णाला तपासलं नाही. आणि ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिलं, हा सामूहिक हिस्टेरिया होता. त्यांचा एक आधार काय होता? आजारी पडलेल्यांत बायका जास्त होत्या!

श्रोतेहो, थायरॉइडचे आजारही बायकांमध्ये पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त असतात. त्यांना कुणी मनाचे खेळ म्हणत नाही, कारण तिथे रक्ताचा रिपोर्ट दाखवता येतो. ‘बायकांना जास्त होतो’ यावरून विचारायला हवं होतं की बायकांच्या शरीरात वेगळं काय चालतं. प्रतिकारशक्ती कशी वागते, हार्मोन कसे वागतात. तो प्रश्न कित्येक वर्षं मागे पडला आणि तेवढी वर्षं बायका दवाखान्यातून ‘टेन्शन घेऊ नका’ एवढंच ऐकून घरी आल्या.

आता हार्मोन. मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी हुकूम सोडते, मूत्रपिंडावरची अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल बनवते, शरीराला ताण झेलायला लागणारं हार्मोन. एमई-सीएफएसच्या रुग्णांमध्ये कॉर्टिसॉल सरासरीने किंचित कमी आढळलं आहे. पण महिनोन्‌महिने पडून राहिल्याने, झोप बिघडल्यानेही ते कमी होतं, म्हणून त्यालाच मूळ कारण म्हणता येत नाही. 1998 मध्ये अमेरिकेत हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे गोळीतलं कॉर्टिसॉल, हे स्टेरॉइड देऊन पाहिलं. थोडा आराम पडला, पण बऱ्याच जणांच्या स्वतःच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी मंदावल्या. तेव्हा स्टेरॉइडची गोळी आपल्या मनाने नको. इंटरनेटवर ‘अ‍ॅड्रिनल फटीग’ नावाने किट आणि पावडरी विकतात, त्यांच्यावरही पैसे घालवू नका.

मग हार्मोन तपासायचे कशाला? कारण असाच थकवा देणारे आणि उपचाराने आटोक्यात येणारे दुसरे आजार आहेत. ते चुकले तर फार मोठं नुकसान होतं.

पहिली गोष्ट थायरॉइड. नुसता टीएसएच करून थांबू नका, सोबत फ्री टी-फोर करा. पुन्हा सांगते, टीएसएचसोबत फ्री टी-फोर. टीएसएच हा पिट्युटरीचा थायरॉइडला हुकूम, टी-फोर हे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन. पिट्युटरीच बिघडली असेल तर टी-फोर कमी असूनही टीएसएच नॉर्मल दिसतो. आपल्याकडे याचं महत्त्वाचं कारण म्हणजे बाळंतपणातला जास्तीचा रक्तस्राव. त्यामुळे पिट्युटरी निकामी होते, त्याला शीहान सिंड्रोम म्हणतात. अंगावर दूध आलंच नाही, पाळी परत आली नाही, काखेतले केस गेले, आणि तेव्हापासून अंगात त्राण नाही. हे दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं असलं तरी डॉक्टरांना सांगा. अशा बाईला कॉर्टिसॉल न तपासता थायरॉइडची गोळी सुरू केली तर जिवावर बेतू शकतं. आधी कॉर्टिसॉल भरून काढायचं, मग थायरॉइड. केसांसाठी बायोटिनची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून ती किमान दोन दिवस आधी बंद ठेवा, नाहीतर थायरॉइडचा रिपोर्ट खोटा येतो.

दुसरं कॉर्टिसॉल. रक्त सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान द्यायचं. दुपारी आकडा आपोआप उतरतो, त्यावरून निदान होत नाही. सकाळचा आकडा डेसिलिटरमागे 3 मायक्रोग्रॅमच्या खाली आला तर अ‍ॅड्रिनल कमी पडतेय, ही शंका बळावते. मधल्याच कुठल्या आकड्यावर अडलं तर एसीटीएच, म्हणजे पिट्युटरीचा कॉर्टिसॉलसाठीचा हुकूम, इंजेक्शनने देऊन पुन्हा मोजतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर हा आकडा फुगलेला दिसतो. हिरड्या आणि तळहाताच्या रेषा काळ्या पडणं, सतत मीठ खावंसं वाटणं, वजन उतरणं हे अ‍ॅडिसन आजाराचं, म्हणजे मूत्रपिंडावरच्या या ग्रंथीच निकामी होण्याचं, चित्र आहे. आपल्या देशात क्षयामुळेही अ‍ॅड्रिनल निकामी होतात. आणि सांधेदुखीवर कुणी बिनलेबलाची पुडी देत असेल, ती घेतल्यावर दोन दिवसांत चमत्कार झाला असेल, तर तीत स्टेरॉइड असण्याची शक्यता मोठी. अशी पुडी महिनोन्‌महिने घेतली असेल तर एकदम सोडू नका. डॉक्टरांना दाखवून सोडा.

हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बी-बारा आणि साखर तर बघायचीच.

हे सगळं नॉर्मल आलं, सहा महिने उलटले, पूर्वीचं काम जमत नाही, झोपून उठलं तरी ताजंतवानं वाटत नाही, आणि काम आज, कोसळणं उद्या. शिवाय विचार धूसर होणं किंवा उभं राहिलं की त्रास वाढणं, असं असेल तर एमई-सीएफएसचा विचार होतो. उभं राहण्याचा त्रास घरी मोजता येतो. दहा मिनिटं आडवं पडून नाडी मोजा. मग भिंतीजवळ, जवळ माणूस ठेवून, दहा मिनिटं उभं राहा आणि दर दोन मिनिटांनी नाडी लिहा. मोठ्या माणसात ती 30 ने किंवा जास्त वाढून तशीच राहिली तर तो कागद डॉक्टरांकडे न्या. घेरी आली तर लगेच आडवं व्हा.

यावरून एक सांगते. आपला उभ्याचा ओटा या रुग्णांसाठी फार वाईट. खाली पाट-विळी घेतली तर उठताना जीव जातो, ओट्याशी उभं राहिलं तर पाय गळतात. ओट्याच्या उंचीचं पाय टेकता येईल असं स्टूल आणा. भाजी चिरणं, कणीक मळणं, भांडी विसळणं, सगळं बसून. हे स्टूल मला कितीतरी टॉनिकांपेक्षा मोलाचं वाटतं.

आणि ‘रोज थोडं थोडं वाढवा’ हा सल्ला इथे लागू नाही. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या इंग्लंडच्या नाइस संस्थेने 2021 मध्ये ठरावीक पायऱ्यांनी वाढवत नेण्याच्या व्यायामाची शिफारस काढून टाकली. दोन आठवडे वही ठेवा. काय केलं, किती मिनिटं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय झालं. ज्या कामानंतर कोसळणं येत नाही, ती आपली मर्यादा. त्याच्याही थोडं आत राहायचं. वीस मिनिटांचं काम दहा-दहाचं करा, मध्ये आडवं पडा, थकण्याची वाट न बघता. सगळ्यात जास्त चूक होते ती बऱ्या दिवशी. आज बरं वाटतंय म्हणून माळा आवरायला काढला की पुढचे चार दिवस खाटेवर. घरच्यांनी त्या बऱ्या दिवशीच हातातला झाडू काढून घ्यावा.

नमस्कार.