टप्पे मोजणारी मुलगी

नमस्कार मंडळी. आज व्हॉलीबॉलवर बोलायचंय, पण डोळ्यांवर डबा बांधून खेळायच्या व्हॉलीबॉलवर. व्हीआर हेडसेट तुम्हाला माहितीये, तो चढवला की समोर नुसती भिंत असली तरी अख्खं कोर्ट दिसतं, मान वळवली की बाजूची खेळाडू, मान वर केली की हॉलचं छत. ह्याने लहान खेळाडूंना शिकवता येतं का? उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे मधेच रेडिओ बंद केलात तरी माझी हरकत नाही. डोळा शिकवता येतो, हात शिकवता येत नाहीत. परत सांगतो, डोळा शिकतो, हात नाही.

डोळाच का, तर हिशोब करा. कोर्ट १८ मीटर लांब, सर्व्हिस मागच्या लाईनच्या मागून. मोठ्या खेळाडूची बरी सर्व्हिस ताशी ९० किलोमीटर धरा, म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे बॉल तुमच्यापर्यंत यायला पाऊण सेकंदसुद्धा नाही, आणि त्यातला जवळपास पाव सेकंद डोळ्याने बघून अंग हलायला लागेपर्यंतच गेलेला असतो. म्हणून चांगला रिसीव्हर, म्हणजे समोरची सर्व्हिस उचलणारा, बॉल हातातून सुटायच्या आधी वाचायला लागतो. टॉस, म्हणजे मारायच्या आधी वर उडवलेला बॉल, कुठे गेला, खांदा किती उघडला, हात बॉलवरून पूर्ण फिरला की मारून जागच्या जागी थांबला. थांबला की समजायचं फ्लोट, बॉल न फिरता येणार आणि हवेत डुलणार. आणि आपण कोच लोक काय करतो? लाईनबाहेर उभं राहून "बॉल बघ, बॉल बघ" ओरडतो. अहो बॉल दिसेपर्यंत उशीर झालेला असतो! मी स्वतः वीस वर्षं हेच ओरडलोय, त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे. आणि बाकावरून पालक ओरडतात ते तर वेगळंच, त्याच्यावर एक पूर्ण भाषण होईल, जाऊ द्या.

तर आता गोष्ट. ही मी भेटेल त्याला सांगतो, घरच्यांना पाठ झालीये.

आमच्याकडे एक हेडसेट आला, वापरलेलाच, कुणीतरी दिलेला. अमेरिकन फुटबॉलवाले २०१५ च्या सुमारापासून त्यांच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे बॉल कुणाकडे फेकायचा ते ठरवणाऱ्या खेळाडूला, अशी ३६० अंशांची व्हिडिओ दाखवून सराव करून घेतात हे माझ्या कानावर आलं होतं, स्टॅनफर्ड विद्यापीठातून सुरू झालेलं काम आहे ते. म्हटलं आपणही करू. मग एके दिवशी रिसीव्ह करणारी जिथे उभी राहते बरोबर तिथे स्टँडवर कॅमेरा ठेवला आणि सीनियर टीममधल्या एका मुलीला सर्व्हिस मारायला सांगितलं. पोरी तिला ताई म्हणतात, आपणही ताईच म्हणू. ताईने तीस सर्व्हिस मारल्या, काही लांब मागच्या कोपऱ्यात, काही नेट ओलांडून पटकन खाली. मग प्रत्येक व्हिडिओ मी हात बॉलला लागतो तिथेच कापला. लागला हात की काळोख. हेडसेट घालून बसलेल्या मुलीने लगेच बोट दाखवायचं, लांब की आखूड. एवढंच. खेळ सोपा, पण पहिल्याच दिवशी भल्याभल्या पोरी निम्म्या वेळा चुकल्या.

आणि मग आली एक बारीकशी पोरगी. टीममधली सगळ्यात लहान, खऱ्या कोर्टवर बॉल आला की दोन पावलं मागे जाणारी. तिने हेडसेट घातला आणि लांब, आखूड, आखूड, लांब... तीसपैकी तीस! मी म्हटलं चुकून झालं असेल, क्रम उलटसुलट केला, परत तीस. मंडळी, मला त्या रात्री झोप नाही. आपल्याला लिबेरो सापडली, म्हणजे मागे राहून फक्त बॉल उचलणारी खेळाडू, हेडसेट म्हणजे जादू आहे, आता बघाच, असं काय काय डोक्यात. दोनतीन जणांना फोनसुद्धा करून झाले.

दुसऱ्या दिवशी तिला परत बसवलं, ह्या वेळी मी लॅपटॉप जोडला, म्हणजे तिला आत जे दिसतंय ते मला बाहेर दिसतं. आणि बघतो तर काय, लॅपटॉपवर ताई नाहीच! लॅपटॉपवर हॉलचं छत. ट्यूबलाईट, पंखा. पोरगी मान वर करून आरामात बसलेली आणि बोट दाखवतेय, लांब, आखूड, लांब, सगळं बरोबर.

मी हेडसेट काढला, म्हटलं अगं तू बघतेस कुठे? ती घाबरली, म्हणाली, "सर, बघायला लागतच नाही. ताई टप्पे मारते ना. दोन टप्पे मारले की लांब, तीन मारले की आखूड."

कान! पोरगी कानाने खेळत होती. मी ताईला पाच वर्षं रोज बघतोय, मला कधी कळलं नाही, आणि ताईला तर अजिबातच नाही. शिट्टी झाल्यावर सर्व्हिस मारायला आठ सेकंद असतात, त्या आठ सेकंदांत ज्याची त्याची सवय असते, कुणी बॉल हातात फिरवतं, कुणी टप्पे मारतं, ती सवय काय सांगत असते हे मारणाऱ्यालाच माहीत नसतं.

मग मी म्हटलं चला खऱ्या कोर्टवर. ताईच्या दहा सर्व्हिस, पोरगी दहाही वेळा आधीच जाऊन उभी. बॉल वर नीट गेला का? कुठला! हातावर आपटून कधी मागे, कधी बाजूच्या भिंतीवर. पाय बरोबर जागी, हात नाहीत. सांगितलं ना, डोळा शिकतो, इथे कान म्हणा हवं तर, हात नाही. आणि मग दुसरी मुलगी सर्व्हिसला उभी केली, जी टप्पेच मारत नाही, तर आमची लिबेरो जागेवर खिळलेली, पुतळा.

ताईला हे कळलं तेव्हा ती हसली, बॉल घेतला, तीन टप्पे मारले आणि सर्व्हिस मागच्या लाईनवर नेऊन टाकली. पोरगी नेटजवळ.

तर त्यानंतर आम्ही काय बदललं. आवाज बंद. व्हिडिओ टॉसपासून सुरू, टप्पे दिसायलाच नकोत. आणि एकीच्या ऐवजी सहा जणींच्या सर्व्हिस, त्यात एक डावखुरी. एकच सर्व्हर, म्हणजे सर्व्हिस मारणारी, दाखवलात तर मूल त्या एका माणसाला पाठ करतं, सर्व्हिस वाचायला शिकत नाही. हे लक्षात ठेवा, सर्व्हर बरेच हवेत. आणि उत्तरानंतर विचारायचं, कशावरून? "खांदा वळला" म्हणाली तर ठीक, "असंच वाटलं" म्हणाली तर परत दाखवायचं. आणि उठली की लगेच कोर्टवर, खरा बॉल, खरे हात.

कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. आम्ही आधी माझ्या उंचीला लावला होता, त्यात नेट बुटकं दिसायचं. तसंही २.२४ मीटर ही मोठ्या बायकांच्या नेटची उंची, त्यावर बारा वर्षांच्या पोरींना खेळवणारे लोक बघितले की माझं डोकं फिरतं, नेट खाली घ्या की, स्मॅश मारू दे पोरींना, मजा तर येऊ दे.

वयाचं विचारतात सगळे. बऱ्याच कंपन्या १३ वर्षांखाली नको म्हणत आल्या, फेसबुकवाल्या मेटाने २०२३ मध्ये पालकांच्या परवानगीने १० केलं. आम्ही एका वेळी दहा मिनिटांच्या वर जात नाही, कारण आत काचेचा फोकस एकाच अंतरावर अडकलेला असतो, डोळे शिणतात, काहींना मळमळतं. मळमळलं की लगेच काढायचं, "अजून एकच" नाही. आणि बसूनच. हेडसेट घालून उडी नाही, डाइव्ह नाही, व्हॉलीबॉल २६० ते २८० ग्रॅमचा, हेडसेट अर्ध्या किलोच्या आसपास, म्हणजे दोन बॉल कपाळावर बांधून पोरगं उडतंय.

काचेपलीकडून मला बोट दाखवतायत, वेळ संपली. एक राहिलंच, हेडसेटचा आतला स्पंज प्रत्येक मुलानंतर पुसा हो, घामाने वास मारतो. नमस्कार.