शिकू देणारी माणसे : जुलैच्या शिफारशी

श्रोतेहो, नमस्कार. राजाराम बंधारा पाण्याखाली गेला आणि पाऊस उघडीप देईना, की कोल्हापुरात वाचायला-ऐकायला थोडी सवड सापडते. ती सापडेल असे धरून या महिन्यासाठी काही गोष्टी सुचवतो.

पहिली शिफारस पुस्तकाची नसून एका सरकारी हुकुमाची आहे. २६ जुलै १९०२ रोजी करवीर सरकारच्या गॅझेटात तो प्रसिद्ध झाला, तेव्हा राजर्षी शाहू महाराज इंग्लंडमध्ये होते. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांना द्याव्यात, हा त्याचा आशय जयंतीच्या भाषणांतून आपण दरवर्षी ऐकतो. पण मजकूर शेवटपर्यंत वाचावा, अशी माझी विनंती आहे. तो अगदी थोडका आहे. ज्या कचेरीत या वर्गांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल तेथील पुढची नेमणूक त्यांच्यातूनच व्हावी, आणि हुकुमानंतरच्या सर्व नेमणुकांचा तक्ता प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी सादर करावा, असे त्यात बजावले आहे. मला हे तिमाही तक्त्याचे वाक्य सर्वांत मोलाचे वाटते, कारण दरबारी औदार्य कचेरीच्या टेबलापाशी कसे जिरते हे पुरते ओळखणाऱ्या राज्यकर्त्यालाच ते सुचू शकते.

पुढे १९१७ मध्ये महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. कायदा झाला म्हणजे मूल शाळेत गेले, असे मात्र होत नाही, आणि म्हणून दुसरी शिफारस आनंद यादव यांच्या ‘झोंबी’ची. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्रात्मक कादंबरीला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. यादवांचा जन्म १९३५ चा, गाव कागल. म्हणजे ज्या कागलकर घाटगे घराण्यातून महाराज करवीरच्या गादीवर दत्तक आले, त्याच गावात, सक्तीच्या शिक्षणाचा कायदा होऊन गेल्यावर जन्मलेल्या मुलाला त्याचा बाप शाळेतून काढून मळ्यावर राबवतो आहे.

या पुस्तकातील गरिबीविषयी पुष्कळ बोलले जाते. मला अधिक विचार करायला लावतो तो मुलगा पुन्हा शाळेत जातो तो प्रसंग. माय-लेक चोरून गावातील वजनदार दत्ताजीरावांकडे जातात, बापाला समज द्या म्हणतात आणि आम्ही येऊन गेलो हे त्याला कळू देऊ नका, अशी विनवणीही करतात. दत्ताजीराव बापाला बोलावून खडसावतात. तो कबूल होतो, पण अटी घालूनच: दिवस उगवताच मळ्यात हजर व्हायचे, पिकाला पाणी पाजायचे, तिथूनच दप्तर घेऊन शाळा गाठायची आणि शाळा सुटल्यावर गुरे चारायची. कायद्याचा कागद ज्या घरात पोचत नाही तिथे आईचे धाडस आणि एका मोठ्या माणसाचा दरारा पोचतो, हे यादव कुठलेही भाष्य न करता दाखवतात. त्यानंतर शाळेत कविता गाऊन शिकवणारे मास्तर भेटतात, आणि हा पोरगा म्हशीच्या पाठीवर काडीने कविता लिहू लागतो. पुस्तक जाडजूड आहे. सुरुवातीची पाने जड वाटली तरी सोडू नका.

तिसरी शिफारस संगीताची. शाहू महाराजांच्या आश्रयाला असलेले उस्ताद अल्लादिया खाँ यांनी जयपूर-अत्रौली गायकी, म्हणजे ख्यालगायनाच्या त्या घराण्याची शैली, इथे रुजवली. त्यांचे गाणे मुद्रित स्वरूपात आपल्याला मिळत नाही. त्यांना ऐकायचे ते शिष्यांच्या गळ्यातूनच. तालीम मिळणे तेव्हा सर्वस्वी उस्तादाच्या मर्जीवर होते. खाँसाहेब औषधोपचारासाठी सांगलीत असताना मोगूबाई कुर्डीकरांचा रियाज येता-जाता कानी पडला आणि ते आपण होऊन शिकवायला गेले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. धारवाडकडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांनी आधी खाँसाहेबांचे पुत्र मंजी खाँ यांच्याकडे आणि १९३७ मध्ये मंजी खाँचे निधन झाल्यावर त्यांचे धाकटे बंधू भूर्जी खाँ यांच्याकडे ही विद्या घेतली.

खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकरांची १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेली भैरवी सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा ती सुचवत नाही. त्याऐवजी त्यांचा ललितागौरी ऐका आणि मग तोच राग मन्सूरांचा ऐका. राग सायंकाळचा आहे, तेव्हा दिवेलागणीची वेळ उत्तम. तान लयीच्या अंगाने वळत, मध्ये कुठेही न तुटता समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कशी येते, याकडे कान ठेवा. केसरबाईंची जुनी तबकडी तीन-साडेतीन मिनिटांत आटोपते. मन्सूरांसाठी मात्र अर्धा तास मोकळा ठेवा आणि जेवणाची वेळ त्यानंतरची ठरवा.