इटालियन गाडी, तारेचं चाक आणि खारं वारं

(रत्नागिरीत दुचाकीप्रेमी आणि आयटीआयच्या मुलांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

टेबलावर ठेवलेलं हे चाक बुलेटचं आहे. ज्या गाडीबद्दल बोलायचंय तिचं चाक इथे आणायची माझी छाती झाली नाही, आणि मालकाने ते दिलंही नसतं. मालक म्हणजे माझा शाळेतला दोस्त. जन्म बोटीवरच्या इंजिनरूममध्ये गेला, आता हर्णैजवळ घर बांधून राहिलाय. त्याच्या पडवीत मोटो गुझी ले मान्स ही इटालियन मोटरसायकल उभी आहे. ती तिथवर कशी पोचली ही कागदपत्रांची कथा वेगळी, ती त्यालाच विचारा. दोन वर्षांपूर्वी त्याचा फोन आला, "मेल्या, गाडीला तारेची चाकं बसवायचीयत. मूळ रूपात आणायचीय तिला."

मी म्हटलं, मूळ रूप? ही गाडी 1976 साली बाजारात आली तीच ओतीव अलॉय चाकांवर. तारेची चाकं या मॉडेलला कारखान्यातून लागलीच नव्हती. ती होती तिच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे 1971 च्या व्ही-7 स्पोर्टला. लिनो तोंती यांनी आखलेली फ्रेम पहिल्यांदा त्या गाडीवर आली आणि पुढे ले मान्सनेही तीच घेतली. मोटो गुझीचा कारखाना कोमो सरोवराच्या काठी मंदेल्लो देल लारिओ या गावात, 1921 पासूनचा. 844 सीसीची ती दोन सिलिंडरं टाकीखालून दोन्ही बाजूंना बाहेर डोकावतात. गाडीची ख्याती ताशी दोनशेच्या घरात पळण्याची. तेव्हा चाक दिसायला कसं, हा प्रश्न फार मागून येतो.

दोस्ताचं नशीब एवढंच की त्याच काळात गुझीची 850 टी-3 नावाची गाडी होती. तिलाही तीन डिस्क, ब्रेकची मांडणीही तशीच, आणि चाकं तारेची. त्यामुळे टी-3 ची हब, म्हणजे चाकाचा मधला गाभा, मिळाली की निम्मं काम झालं. बाहेरच्या लोकांनी हा मार्ग चांगला मळलेला आहे. उरलेलं निम्मं काम आपल्याला करायचं होतं, आणि ते समुद्रकिनाऱ्यावर करायचं होतं.

आधी चाक वजन कसं पेलतं ते बघू. बैलगाडीचं चाक आठवा. मधे तुंबा, त्यातून निघालेले लाकडी आरे, वर पुठ्ठे, त्यावर लोखंडी धाव. तिथे खालचा आरा खांबासारखा उभा राहतो, त्याच्यावर भार दाबून बसतो. आता ही तार बघा. हिला दोन्ही बाजूंनी दाबलं तर ती वाकणार, कोणालाही पेलणार नाही. तारेला फक्त ओढ कळते. म्हणून चाक बांधताना सगळ्या तारा आधीच ताणून ठेवायच्या. भार आला की खालच्या तारांचा ताण थोडा उतरतो, आणि जोवर तो शून्यावर येत नाही तोवर चाक ताठ राहतं. ही कल्पना जॉर्ज केली नावाच्या इंग्रजाने 1808 साली वहीत काढून ठेवली होती, तीही विमानासाठी हलकं चाक हवं म्हणून! पुढे 1874 मध्ये जेम्स स्टार्ली यांनी तारा हबमधून सरळ न काढता तिरप्या, एकमेकींवरून ओलांडून न्यायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. ब्रेकची डिस्क हबला धरते, रस्ता टायरला धरतो, आणि त्या दोघांमधली पिळवटणारी ओढ तिरप्या ताराच नेतात. ले मान्समध्ये पायाचा ब्रेक दाबला की मागच्या डिस्कबरोबर पुढचीही एक धरते. म्हणजे नुसता पाय दाबला तरी दोन्ही चाकांतल्या तारांना काम.

आता मोजमाप. इथे मी स्वतः कसा तोंडावर आपटलो ते सांगतो. मुलगा होतो, वडिलांचं सायकलचं दुकान, आणि एका येझदीचं मागचं चाक माझ्याकडे आलं. रिम सडलेली. मी शहाणा, कटर घेतला आणि सगळ्या तारा कचाकच कापून टाकल्या. वडील जेवून आले, बघितलं, आणि फक्त एवढंच विचारलं, "आता रिम कुठे बसवणार?" कारण रिमचा मध्य आणि हबचा मध्य एकच असतो असं नाही. एका बाजूला ब्रेक, दुसऱ्या बाजूला चेनचं दातेरी स्प्रॉकेट, रिम त्या दोघांतून वाट काढत थोडी एकीकडे सरकलेली असते. ती किती सरकलीय ते जुनं चाक सांगत होतं, आणि मी त्याचं तोंडच बंद करून टाकलं होतं. ते चाक आम्ही तीन वेळा बांधलं.

गुझीला चेन नाही, शाफ्ट आहे. हब थेट गिअरच्या पेटीत दातांवर जाऊन बसते, तिला इकडेतिकडे सरकवता येत नाही. म्हणून दोन्ही चाकं एका रेषेत आणायची तर सगळी भिस्त रिमवर. जुनी अलॉय उतरवण्याआधी आम्ही गाडी सरळ उभी केली, दोन्ही बाजूंनी ओळंबा धरला, सरळ पट्टी लावली आणि रिमच्या कडेपासून फ्रेमपर्यंतची अंतरं भिंतीवर खडूने लिहून ठेवली. दोस्ताच्या बायकोने अजून ती पुसू दिलेली नाहीत, हे तिचे उपकार.

आता आपल्या गावचा खरा विषय, खारं वारं. दुपारी समुद्रावरून येतं, रात्री मतलई उलटं जातं, पण मीठ काही परत नेत नाही. त्यात पावसाळ्यात आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. मिलानमध्ये बनलेली बोरानीची अॅल्युमिनियम रिम सुंदर असते, पण तिला हे हवामान कोणी सांगितलेलं नाही.

मिरकरवाड्याला ट्रॉलर ओढून वर घेतला की पंख्याजवळ जस्ताचे तुकडे ठोकलेले दिसतात. का? दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागले की त्यातला एक झिजतो. जस्त आधी झिजतं आणि पंखा वाचतो. हे आमच्या तांडेलांना कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. चाकातही तेच. स्टेनलेसची तार अॅल्युमिनियमच्या हबमध्ये घातली की मार हबला बसतो, भोकाभोवती पांढरी भुकटी जमते. म्हणून तार ओवण्याआधी तिच्या डोक्याला, वाकलेल्या कोपऱ्याला आणि निपलच्या, म्हणजे रिमकडे तार आवळणाऱ्या छोट्या नटाच्या, बुडाला अँटी-सीझ, म्हणजे धातू एकमेकांत जखडू न देणारं मलम, लावायचं. निपल स्टेनलेसचं घेऊ नका. स्टेनलेसवर स्टेनलेस पिळलं की आटे एकमेकांना धरून बसतात आणि मग पाना फिरतो, निपल नाही. निकेल चढवलेलं पितळी निपल घ्या.

आणि क्रोम. आता जरा कबुली. एका बुलेटच्या तारा चमकायला हव्यात म्हणून मी त्या क्रोम करून आणल्या होत्या. काचेसारख्या झाल्या. तिसऱ्या महिन्यात गिऱ्हाईक म्हणाला, रात्री गाडी अंगणात उभी होती आणि 'टण्ण' आवाज आला. कोणी हात लावलेला नव्हता. सकाळी बघितलं तर एक तार डोक्याजवळ तुटलेली. आठवड्याने दुसरी. अॅसिडच्या हौदात आणि प्लेटिंगमध्ये कठीण पोलादात हायड्रोजन शिरतो. प्लेटिंगनंतर लगेच भट्टीत साधारण दोनशे अंशांना काही तास ठेवून तो बाहेर काढावा लागतो, नाहीतर पोलाद ठिसूळ होतं आणि ताणाखाली उभ्या उभ्या तुटतं. प्लेटिंगवाल्याला मी भट्टीचं सांगितलंच नव्हतं, मला स्वतःलाच माहीत नव्हतं. तेव्हापासून ताण घेणारा जुना भाग मी क्रोमला देत नाही. दोस्ताच्या गाडीला स्टेनलेस तारा घातल्या. थोड्या मंद दिसतात. दिसू देत.

ट्यूबबद्दल लवकर सांगतो. रिमला तारांची भोकं, त्यातून हवा जाणार, म्हणून आत ट्यूब. ट्यूबलेस टायर खिळा लागला तरी सावकाश बसतो, ट्यूब फाटली की हवा एकदम जाते. त्यामुळे तारेची चाकं लावली म्हणजे गाडी आणखी पळवता येईल असं डोक्यात असेल तर काढून टाका. भोकं आतून सिलिकॉनने बंद करून ट्यूबलेस करायची टूम आहे. जुन्या घडणीच्या रिमला आतल्या कडेला टायर धरून ठेवणारा उंचवटा नसतो. हवा कमी झाली तर टायर कडेवरून घसरतो. मी करून देत नाही, कोणी भांडलं तरी नाही. कोणाला ट्यूबलेसच हवं असेल तर इटलीतच अल्पिना, किनेओ यांची खास त्यासाठी घडवलेली तारेची चाकं मिळतात, खिसा तेवढा खोल हवा. अठरा इंची टायरचा प्रश्न मात्र आता राहिलेला नाही. 2018 मध्ये रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर 650 आली, दोन्ही चाकं अठरा इंची, तेव्हापासून ते माप आपल्याकडे सहज मिळतं.

आता आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढणं. चाक गाडीतच अडकवा, फ्रेमला एक तार बांधून तिचं टोक रिमजवळ आणा आणि चाक हळू फिरवा. आधी उभा आउट काढा, म्हणजे चाक वरखाली उडतंय का ते, मग आडवा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. रिम डावीकडे जात असेल तर उजवीकडची तार आवळण्याआधी डावीकडची थोडी सैल करा, नाहीतर ताण वाढतच जातो आणि रिमच अंड्यासारखी होते. बऱ्याच मॅन्युअलमध्ये दोन मिलिमीटरपर्यंत मुभा असते. अशा गाडीला मी अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणल्याशिवाय सोडत नाही. आणि नुसतं डोळ्यांवर जाऊ नका. रिम सरळ दिसते पण एक तार ताणाने मरतेय आणि शेजारची आळशासारखी बसलीय, असं होतं. पान्याने हलकेच मारा. भजनात एकतारी लावतात तसा स्वर यायला हवा, एका बाजूच्या सगळ्या तारांचा जवळजवळ सारखा. ढिली तार 'थप' करते, कळतंच.

दोस्ताने पहिल्या दिवशी दाभोळच्या फेरीबोटीपर्यंत जाऊन परत आणली. दोनशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा माझ्याकडे आली, सगळ्या तारा थोड्या उतरलेल्या. उतरतातच, डोकी हबमध्ये नीट बसतात म्हणून. पुन्हा आवळल्या. आता तो दर फेरीनंतर चाकांवर बादलीभर गोडं पाणी ओततो, आणि बायको म्हणते, नातवाला एवढं न्हाऊ घालत नाही.

हे चाक मी खाली ठेवतो. सकाळी येताना त्यातली एक तार मुद्दाम अर्धा फेरा सैल केलीय. पाना इथे आहे. डोळे मिटून शोधा.